मानेजवळची काजळी

१

मिस्त्री सापडले तेव्हा इंजिन चालूच होतं.

सुनेनं सकाळी सांगितलेलं काम मी दुपारी विसरते, पण त्या सकाळी कोण कोणत्या पायरीवर उभं होतं ते आजही सांगेन. बसची इंजिनं तपासायची जागा होती ती. खाली दोन चाचणीखोल्या आणि स्टोअर, वर आमची मायक्रोस्कोपची खोली. त्या खोलीची मुख्य माझी सख्खी आत्या. सगळी इमारत तिला आत्याच म्हणायची. आजूबाजूला कोणी नसलं की मोठे साहेबसुद्धा. मी तिच्या हाताखाली. माझा थोरला भाऊ, दादा, खाली मिस्त्रींच्या हाताखाली.

साडेआठला खालून हाक आली. आवाज घडीसाहेबांचा. हे आमचे डिझाइनर. नवं इंजिन त्यांनीच बनवलं होतं. दिवस संपला तरी त्यांच्या शर्टाची घडी मोडत नसे, म्हणून हे नाव पडलेलं.

मी धावत खाली गेले. चाचणीखोलीचं दार उघडं, आत राखाडी धूर. इंजिन सावकाश धडधडत होतं. भिंतीतला मोठा पंखा बंद. मिस्त्री पाइपच्या बाजूला कुशीवर पडलेले, जणू झोपलेत. घडीसाहेबांनी इंजिन बंद केलं, आम्ही चौघांनी मिस्त्रींना ओढून बाहेर आणलं. श्वास होता, शुद्ध नव्हती.

गाडी त्यांना घेऊन गेली आणि मोठे साहेब खोलीत शिरले. इंजिनातून धूर जिथून बाहेर पडतो तिथे, हातभर अंतरावर, पाइपला एक जोड होता. आम्ही त्याला मान म्हणायचो. त्या मानेवरचा क्लॅम्प सुटून लोंबत होता. पाइपमधून बाहेर जायचा तो सगळा धूर खोलीत सांडला होता.

"काल हा जोड कोणी बसवला?" साहेबांनी विचारलं.

दादा नुकताच दारात पोचला होता. डबा अजून हातातच.

"मी," तो म्हणाला.

२

"चार वाजेपर्यंत मला कळलं पाहिजे काय झालं ते," मोठे साहेब आत्याला म्हणाले. "चारनंतर पोलिसांना कळवावं लागेल. आत्ता कळवलं तर एकच नाव सांगता येईल."

"तो माझा भाचा आहे, साहेब. दुसऱ्या कोणाला सांगा."

"भाचा आहे म्हणूनच. तुम्ही त्याला पाठीशी घातलंत तर इमारतीत सगळ्यांना दिसेल. तुम्हालाही."

आत्यानं दादाला जिन्याखाली गाठलं. मी वरच्या पायरीवर उभी.

"आवळला होतास का रे?"

"आवळला होता."

"नक्की?"

"आत्या, नवीन गॅस्केट घातलं, दोन्ही तोंडं घासकागदानं चकचकीत केली, मग आवळला. त्यावर दुपारी तीन तास पूर्ण भाराची चाचणी झाली. सैल असता तर तेव्हाच खोली भरली असती."

"पंखा चालू असताना थोडी गळती कोणाला कळते? मिस्त्रींनी पाहिलं होतं?"

"पाहिलं होतं."

"ते आता सांगू शकत नाहीत."

आत्याचा आवाज जराही हलला नाही. मला तिचा राग आला, आणि त्याच वेळी माझ्या मनात एक गोष्ट टोचायला लागली. दादा त्या दिवशी माझ्या तासभर आधी घरातून निघाला होता आणि माझ्यानंतर कामावर पोचला होता.

"सकाळी कुठे होतास?" आत्यानं विचारलं. म्हणजे तिनंही हिशोब केला होता.

"ते नाही सांगणार."

"मला नाही सांगणार?"

"तुला तर नाहीच."

स्टोअरवाल्या काकांना आम्ही कुलूपकाका म्हणायचो. कपाटाला कुलूप, टेबलाला कुलूप. तोंडाला मात्र नाही. आत्यानं स्टूल ओढलं तसे ते सुरूच झाले.

"मला विचारू नका, मी कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण काल संध्याकाळी तुमच्या भाच्याला मिस्त्रींनी सगळ्यांसमोर झापलं, हे भिंतींनीसुद्धा ऐकलं. 'तुझ्या हातात पाना शोभत नाही' म्हणाले. पोरगा लालबुंद झाला होता."

"सकाळी तुम्ही किती वाजता आलात?"

"आठला. मिस्त्री माझ्या आधीचे, इंजिनचा आवाज येत होता. आणि त्यांचं काय सांगू, आत्या. तीस वर्षं झाली माणसाला, शिस्त नाही. नमुने घ्यायचा तो लोखंडी स्टँड स्टोअरच्या कपाटात परत ठेवला, तोही उलटा, वरच्या फळीवर. जागा कुठली, तर खालची. मी सरळ करायला गेलो तर बोटं भाजली."

"भाजली? कधी?"

"आता कधी म्हणजे? आरडाओरडा व्हायच्या थोडं आधी. मी पाणी प्यायला मागं गेलो होतो, आलो तर हा उद्योग. त्यांना चार शब्द ऐकवणार होतो, तेवढ्यात हे झालं." काकांनी भाजलेली बोटं चोळली. "आता ऐकवायला माणूस शुद्धीवर तरी येऊ दे."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की डोळेच तसे होते, मला ठरवता आलं नाही. त्या दिवशी मी कोणाबद्दलच काही ठरवू शकत नव्हते.

३

आत्या पुन्हा चाचणीखोलीत गेली. बरोबर पांढऱ्या फिल्टर पेपरच्या चकत्या आणि सॉल्व्हंटची बाटली.

"काजळी म्हणजे नुसता काळा रंग नाही," ती मला पहिल्या दिवशी म्हणाली होती. "प्रत्येक कणाला त्याचा जन्म आठवतो." इंजिनाच्या पोटात इंधन जळतं, जिथे हवा कमी पडते तिथे ते अर्धवट राहतं, आणि त्यातून इवले इवले गोल कण तयार होतात. केसाच्या जाडीत दोन-तीन हजार बसतील एवढे. ते एकमेकांना चिकटून साखळ्या बनवतात. इंजिन तापलेलं आणि पूर्ण भारावर असेल तर तेल, इंधन सगळं जळून जातं आणि कोरडी, कडक काजळी निघते. इंजिन गार असताना नुसतं चालू ठेवलं तर न जळलेलं तेल काजळीला लगडून येतं. अशी काजळी ओली, घामेजलेली.

मानेच्या जोडाची दोन तोंडं तिनं वेगवेगळ्या चकत्यांवर पुसून घेतली. काळे डाग. त्यावर ड्रॉपरनं एकेक थेंब टाकला. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो.

डागाभोवती पिवळट कडं पसरलं. दोन्ही चकत्यांवर.

"तेल," मी म्हणाले.

"पूर्ण ओली. कोरडी काजळी नावालाही नाही." आत्यानं चष्मा काढला. "काल दुपारी त्यानं तोंडं चकचकीत केली. त्यानंतर तीन तास इंजिन पूर्ण भारावर होतं. तेव्हा जोड जरा जरी सैल असता, तर इथे खाली कोरडी काजळी घट्ट बसली असती. ती नाही. म्हणजे काल संध्याकाळपर्यंत जोड बंद होता. तो उघडला आज सकाळी, इंजिन गार असताना."

मला रडू आलं. "म्हणजे दादा सुटला."

"हळू बोल."

मोठ्या साहेबांनी चकत्या पाहिल्या, समजून घेतल्या आणि खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे जोड आपोआप सुटला नाही. कोणीतरी मुद्दाम उघडला. आणि पंखाही मुद्दाम बंद केला."

"असं दिसतंय."

"बाई, काल संध्याकाळी मिस्त्रींचं भांडण कोणाशी झालं? आज सकाळी कुठे होतो ते कोण सांगत नाही? मघापर्यंत तुमचा भाचा निष्काळजी होता. आता तो काय झाला, तुम्हीच सांगा."

४

दुपारी एक वाजता आत्यानं घडीसाहेबांना वर बोलावलं. हा माणूस तिचाच विद्यार्थी. मायक्रोस्कोपसमोर बसायला तिनंच त्याला शिकवलं होतं आणि त्याच्याबद्दल बोलताना तिचा सूर आपोआप मऊ व्हायचा.

"बाई, मिस्त्रींची काही बातमी?" त्यांनी विचारलं.

"बस. तू किती वाजता आलास?"

"साडेआठला, थोडं आधी. दार ढकललं तर धूर. मिस्त्री पडलेले. मी ओरडलो."

"मिस्त्री एवढ्या लवकर कशाला आले असतील?"

"काय माहीत. गार इंजिनाची चाचणी परत करून बघायची असेल. मागच्या दोन वेळा आपण नापास झालो ना, कणांची संख्या फार आली. त्यांना ते लागलं होतं."

"एकट्यानं?"

"त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे."

ते गेल्यावर आत्या खिडकीपाशी उभी राहिली. "याला यात काय मिळणार? स्वतःच्याच इंजिनाला अपघात झाल्याचा डाग. कुलूपकाकांना काय मिळणार? भांडायला माणूस कमी." तिनं उसासा टाकला. "राहिलं कोण."

काहीतरी करायचं म्हणून अंधाऱ्या खोलीत गेले आणि सकाळी गाडी गेल्यावर काढून धुवायला टाकलेल्या फोटोंपैकी वाळलेले घेऊन आले. फार सुंदर आले होते. काजळीच्या साखळ्या फांद्या पसरलेल्या झाडांसारख्या, कण न् कण सुटा दिसणारा. आत्याचा चेहरा जरा उजळेल म्हणून मी ते टेबलावर मांडले.

ती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हे कुठले?"

"ड्रमचे. काल सकाळच्या गार चाचणीचे. डबीवर लिहिलंय." ड्रम म्हणजे धूर गार करायची आमची टाकी.

"डबी तुला कोणी दिली?"

"घडीसाहेबांनी. स्वतः वर आणून दिली. मी 'थँक्यू' म्हणाले."

"किती वाजता?"

सव्वाआठ वाजले होते. मी नुकतीच पर्स खुंटीला अडकवत होते. आणि मोठ्या साहेबांपासून आत्यापर्यंत सगळ्यांना ते सांगत होते की ते साडेआठच्या सुमाराला आले.

"ते आधीच आले होते," मी म्हणाले.

"वेळ तर चुकलीच," आत्या म्हणाली. "पण वेळेबद्दल माणूस म्हणेल घड्याळ मागे होतं. तू आधी या साखळ्यांकडे बघ. एवढे दिवस माझ्याजवळ बसून तुला यात खोटं दिसत नाही?"

५

चार वाजता मोठ्या साहेबांच्या खोलीत सगळे होते. दादा दाराशी, कुलूपकाका भिंतीला टेकून, घडीसाहेब खुर्चीत. आत्या उभी. तिनं दोन फोटो टेबलावर ठेवले.

"साहेब, गार चाचणीचा नमुना आपण पाइपमधून थेट घेत नाही. धूर आधी ड्रममध्ये जातो. तिथे थंड, दमट हवेत मिसळून अर्धा तास थांबतो. कारण रस्त्यावरच्या माणसाच्या नाकात धूर जातो तो गार झालेला. गार होताना दोन गोष्टी घडतात. धुरातली तेलाची, आम्लाची वाफ निवते आणि तिचे नवे बारीक थेंब तयार होतात, त्यामुळे कणांची संख्या एकदम वाढते. आणि तीच वाफ काजळीच्या साखळीवर बसते, द्रवाच्या ताणानं साखळी आवळत जाते, गोळा होते. हा मागच्या महिन्यातला फोटो, ड्रममधला. बघा, लोकरीचा गुंडा."

"आणि हा दुसरा?"

"हा आज सकाळी माझ्या भाचीला मिळालेल्या डबीतला. डबीवर 'ड्रम' लिहिलंय. साखळ्या पूर्ण मोकळ्या. मायक्रोस्कोपमध्ये हवा काढून घेतली की थेंब उडून जातात, ते मलाही मान्य. पण एकदा आवळलेली साखळी पुन्हा सुटत नाही. ही काजळी ड्रममध्ये कधी गेलीच नाही. गार व्हायच्या आधी, इंजिनाला लागून पकडलेली आहे. मानेजवळ."

आत्यानं दोन्ही फोटो साहेबांकडे सरकवले.

"मानेचा जोड नमुन्यासाठी आपण कधी उघडत नाही. तो उघडा राहिला फक्त आज सकाळी. म्हणजे ही डबी त्याच खोलीतून, त्याच वेळी बाहेर आली, ड्रमच्या नमुन्याच्या जागी खपवायला. पंखा का बंद होता, याचा मी दिवसभर विचार करत होते. जीव घ्यायला आलेला माणूस पंखा बंद करेल, पण तो नमुने घेत बसणार नाही. पंखा चालू ठेवला तर बाहेरची थंड हवा खोलीत ओढली जाते आणि उघड्या जोडापाशी धुरात मिसळते. धूर तिथेच निवतो, थेंब होतात, आकडा वाढतो. हे ज्याला माहीत आहे त्यानंच पंखा बंद केला. या इमारतीत ते तिघांना माहीत आहे. मी, माझी भाची, आणि ज्याला तिसऱ्यांदा नापास होऊन चालणार नव्हतं त्या इंजिनाचा डिझाइनर."

"बाई," घडीसाहेब म्हणाले. आवाज शांत होता. "मी मिस्त्रींना मदत मागितली, हे खरं. नमुने घेऊन झाले, मी निघालो. तेव्हा मिस्त्री उभे होते, माझ्याशी बोलत होते. त्यानंतर काय झालं मला काय माहीत? घाबरून मी वेळ खोटी सांगितली, एवढंच."

मोठ्या साहेबांनी आत्याकडे पाहिलं. ते पटण्यासारखं होतं. मलाही क्षणभर पटलं.

"काका," आत्या म्हणाली, "स्टँड कसा ठेवला होता ते सांगा."

"उलटा. वरच्या फळीवर. चटका बसेल एवढा गरम."

"मिस्त्रींनी तीस वर्षांत कधी उलटा ठेवला होता?"

काका चाचरले. "शिस्त नाही म्हणतो मी, पण ते आपलं बोलायचं म्हणून. तसं बघितलं तर... नाही. कधीच नाही. हातमोजे घालून, पुसून, खालच्या फळीवर."

"आणि काम झाल्यावर मिस्त्री उभे असते, तर त्यांनी आधी इंजिन बंद केलं असतं. मग जोड आवळला असता. मग स्टँड. त्यांचा क्रम या पोराला विचारा, झोपेत सांगेल. पण इंजिन चालू राहिलं, जोड उघडा राहिला, आणि फक्त स्टँड तेवढा जागेवर गेला." आत्या आता घडीसाहेबांकडे वळली. ती त्यांना पहिल्यापासून अरे-तुरे करायची. त्या दिवशीही तोच शब्द वापरला, पण तो परका वाटला. "तो स्टँड पाइपला चार स्क्रूंनी बसतो. सोडवायला मला पाच मिनिटं लागतात. तुला किती लागली?"

आत्यानं बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"मग स्टोअर. मग जिना चढून वर, डबी हातात द्यायला. मग परत खाली. आणि मग हाक. तो माणूस तेवढा वेळ तुझ्या पायाशी पडला होता का?"

घडीसाहेब शर्टाच्या बाहीकडे बघत म्हणाले, "मला वाटलं चक्कर आहे. उठतील."

६

घडीसाहेबांना घेऊन पोलीस गेले, तेव्हा संध्याकाळ झाली होती. जाताना त्यांनी आत्याकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही. त्यानंतर कित्येक वर्षं तिनं कोणालाही मायक्रोस्कोप शिकवला नाही. माझ्यानंतर आलेल्या मुलींना मीच शिकवलं.

मी दादाला विचारलं, सकाळी कुठे गेला होतास. आता सांगायला त्याला हरकत नव्हती.

"पुलापलीकडच्या गॅरेजवाल्याकडे. नोकरी आहे का विचारायला."

"मग आत्याला का नाही सांगितलंस?"

"तिनं मिस्त्रींच्या पाया पडून मला इथे चिकटवलं होतं. आणि मिस्त्री तिकडे तसे पडलेले. त्याच सकाळी मी त्यांना सोडून निघालो होतो, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

मोठे साहेब खाली आले. दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "झालं ते झालं. उद्यापासून ये कामावर."

दादा चाचणीखोलीच्या दाराबाहेर उभा होता. तो हलला नाही.

"साहेब, सकाळी तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत जोड कोणी बसवला. खोलीच्या वहीत ते लिहिलंही आहे, माझ्या नावासकट. त्याच पानावर लिहा की जोड घट्ट होता."

"अरे, सगळ्यांना कळलंय आता."

"मिस्त्रींना नाही कळलेलं."

साहेबांनी आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, "माझ्याकडे बघू नका. पेन देऊ का?"

साहेबांनी उभ्या उभ्या लिहिलं, सही केली. दादानं ते दोनदा वाचलं आणि ती वही काखेत मारून घरी आणली. वही खोलीबाहेर न्यायला परवानगी नव्हती. त्याला कोणी अडवलं नाही.

मिस्त्री तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. त्या सकाळचं त्यांना काही आठवत नव्हतं, घडीसाहेबांनी काय सांगून बोलावलं तेसुद्धा नाही. धुरानं तेवढा भाग पुसून टाकला होता, तो कधीच परत आला नाही. आम्ही तिघं खाटेशी उभे होतो. त्यांनी दादाला ओळखलं. ओठ कोरडे पडले होते, शब्द सुटे सुटे येत होते.

"पोरा, जोड राहिला का रे सैल? की मीच नीट बघितलं नाही?"

दादानं वही उघडली आणि मोठ्यानं वाचलं, तारखेसकट. मिस्त्रींनी डोळे मिटून ऐकलं.

"सही कोणाची?"

"मोठ्या साहेबांची."

"दाखव."

त्यांनी वही छातीवर धरली, बोट सहीवरून फिरवलं. मग डोळे उघडून दादाकडे बघितलं.

"आणि मग तू इथे काय करतोयस? दोन्ही इंजिनं कोणाच्या जिवावर सोडून आलास?"

दादा हसत हसत बाहेर गेला. व्हरांड्याच्या टोकाशी तो भिंतीकडे तोंड करून उभा होता, हे मी आणि आत्यानं पाहिलं. आम्ही दोघी पुढे गेलो नाही.